फिलाडेल्फियाहून महाडला

अमेरिकेच्या प्रजासत्ताकाची स्थापना आणि आपला रायगड जिल्हा यांचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु मोहोपाड्याहून पेणमार्गे गोवा महामार्गाने दक्षिणेस निघाले, की नागोठणे, कोलाड, माणगाव ओलांडून जे महाड लागते, तेथवर त्या स्थापनेचा एक धागा येऊन पोहोचला आहे. तो पॅरिसच्या वळणाने आला, एवढेच.

आरंभ मात्र आपण आपल्याच एका धर्मबंधूपासून करू. ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया येथे संमत झालेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर छप्पन्न सह्या आहेत. त्यांत कॅथलिक सही एकच, मेरिलँडच्या चार्ल्स कॅरोल यांची. मेरिलँड ही वसाहत १६३४ साली कॅथलिक सरदार लॉर्ड बाल्टिमोर यांच्या आश्रयाने वसली. पुढे तेथेच कॅथलिकांच्या जाहीर उपासनेवर बंदी आली आणि १७१८ साली त्यांचा मताधिकारही गेला. चार्ल्स आणि त्यांचे नातलग जॉन कॅरोल या दोघांना शिक्षणासाठी लहानपणीच समुद्र ओलांडून फ्रान्सला जावे लागले. गडगंज श्रीमंत असूनही चार्ल्स यांना आपल्याच भूमीत अधिकारपद भूषविता येत नव्हते. असा मनुष्य राजसत्तेविरुद्ध सही करतो, तेव्हा त्या सहीत केवळ करांची तक्रार नसते.

नव्या राष्ट्राने ही अपेक्षा बऱ्याच अंशी पुरी केली. १७८७ च्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई केली. १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झालेल्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापण्यास बंदी घातली. ही दुरुस्ती मध्यवर्ती सत्तेपुरतीच होती, हे येथे ध्यानात घ्यावे. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात राजमान्य चर्चची व्यवस्था १८३३ पर्यंत चालली. तरीही १७८९ साली बाल्टिमोर हा त्या देशाचा पहिला धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप म्हणून जॉन कॅरोल यांची निवड तेथील धर्मगुरूंनी मतदानाने केली आणि रोमने तिला मान्यता दिली.

येथवरची कथा आपल्याला सुखावणारी आहे. पुढची तशी नाही. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणारे थॉमस जेफरसन शेकडो गुलामांचे धनी होते. सही करणारे चार्ल्स कॅरोलही तसेच. त्याच घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामाची गणना पाचांत तीन अशी धरली गेली आणि गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत अभय मिळाले. १८३८ साली मेरिलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्री-पुरुष-मुले विकली. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास गेला. याबद्दल जाहीर क्षमायाचना झाली ती २०१७ साली. ज्यांनी स्वतः धर्मापायी अन्याय सोसला, त्यांना दुसऱ्याच्या पायांतील बेडी दिसू नये, याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही. खेद मात्र वाटतो. ती बेडी तुटली यादवी युद्धानंतर. पुण्याच्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच कारणाने.

आता पॅरिसचे वळण. १७८९ साली जेफरसन फ्रान्समध्ये अमेरिकेचे वकील होते. अमेरिकेच्या युद्धात लढून आलेले लाफायेत मानवी हक्कांचा मसुदा लिहीत होते आणि तो त्यांनी जेफरसन यांना दाखविला. २६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने हक्कांचा जाहीरनामा संमत केला. फिलाडेल्फियात पेटलेला दिवा असा पॅरिसला पोहोचला.

आणि मग महाड. सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा ठराव सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण कागदावर. पाणी प्यायला कोणी गेले नाही. जाण्याची छाती कोणाला होणार? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या मंडळींना मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

२५ डिसेंबर १९२७ रोजी, ख्रिस्ती घरांतून नाताळ साजरा होत असताना, महाडला दुसरी परिषद भरली. जागा द्यायला हिंदू मालक मिळेना; फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. जन्मतः समान दर्जाची घोषणा करणारा ठराव झाला आणि त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काढलेल्या या विद्वानाने दाखला फ्रान्सचा का घेतला असेल? आम्हांस वाटते ते असे, की फ्रान्सची सभा जन्मजात उच्चनीचतेवर घाव घालायला निघाली होती. फिलाडेल्फियाच्या सभेने राजा दूर केला, पण घरातला गुलाम तसाच ठेवला.

न्यायालयाचा मनाईहुकूम असल्यामुळे त्या डिसेंबरात कोणी पाण्याला शिवले नाही. खटला दहा वर्षे चालला. अनादि रूढीचा प्रतिपक्षाचा दावा फेटाळून मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

पुढे घटना समितीत मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडेच आले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत झाले, जे आज सतरावे आहे. त्यानंतर एका आठवड्याने, ६ डिसेंबरला, आज पंचविसावे असलेले धर्मस्वातंत्र्याचे कलम चर्चेला आले. धर्माचा ‘प्रसार’ हा शब्द वगळावा, असा आग्रह काही सभासदांनी धरला. मुंबईचे कन्हैयालाल मुनशी यांनी तो राखण्याची बाजू मांडली: भारतीय ख्रिस्ती समाजाने या शब्दाला महत्त्व दिले आहे ते सक्तीच्या धर्मांतरासाठी नव्हे, तर प्रसार हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे म्हणून. शब्द राहिला. आपल्या घरांतून या कलमाचा उल्लेख होतो तो बहुधा त्या एका शब्दापुरता. परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या खंडात सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकारही राज्याला दिलेला आहे. आपला हक्क आणि त्यांचा हक्क एकाच कलमात नांदतात. आणि थोडे मागे, पंधराव्या कलमात, सार्वजनिक पैशाने राखलेल्या जागांची जी यादी आहे, तीत विहिरींच्या जोडीला तलाव हा शब्द आला आहे. फिलाडेल्फियाच्या घटनेत तळे कोठेही नाही.