मातीने पचविलेले विष



तापीकाठच्या काळ्या जमिनीवर माझे बालपण गेले. कपाशीवर कीड पडली की वडील बीएचसीची भुकटी फडक्यात बांधून झाडांवर झटकीत. त्या भुकटीचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. आज उशिराने तो विचारीत आहे.

हे रसायन १८२५ साली मायकेल फॅरडे यांनी तयार केले. त्याचा कीटकनाशक गुण मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उपयोगात आला. भारतात १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे त्याचा कारखाना निघाला आणि १९९७ साली त्यावर बंदी आली. भुकटीत कीड मारणारा घटक सुमारे दहा ते पंधरा टक्केच असे. उरलेली त्याची भावंडे निरुपयोगी, पण दीर्घायुषी. त्यांतील ‘बीटा’ सर्वांत चिवट.

मातीनेच यावर उपाय शोधला. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेतील एन. सेतुनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एका जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. बीएचसी दिलेल्या उसाच्या मुळांभोवतीच्या मातीत तो सापडला होता. पुढे त्याला ‘स्फिंगोबियम इंडिकम’ हे नाव मिळाले. त्याची विकरे रेणूतील क्लोरीन काढून टाकतात. जेथे विष पडले, तेथेच ते पचविणारा निपजला!

परंतु एवढ्यावर निर्धास्त होणे योग्य नव्हे. ‘बीटा’पुढे हा जिवाणूही मंदावतो, शिवाय त्याला ओलावा आणि हवा लागते. आपल्याच राज्यातील भोपाळच्या कारखान्याच्या आवारात सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज नागपूरच्या ‘नीरी’ने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह २०१० साली मांडला. २०२५ साली पीथमपूरला जाळला गेला तो ३३७ टन साठविलेला कचरा. त्या अफाट मातीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

बुऱ्हाणपूरकरांना हे वेगळे सांगावे लागू नये. सतराव्या शतकात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांत गोळा करून कुंडी भंडारा उभा राहिला. जमिनीत मुरते तेच पुढे ओंजळीत येते, हे त्या योजनेचे मर्म. वडिलांनी अजाणतेपणी टाकले. आपण जाणून टाकू नये. सूक्ष्म जीव ऋण फेडण्यास हातभार लावतील, पण नवे ऋण न काढणे आपल्याच हाती आहे.