गाडी कोणासाठी थांबते?

रेल्वेचा इतिहास सांगताना विद्वान मंडळी रूळ किती मैल पडले ते सांगतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला आधी दुसराच प्रश्न सुचतो. गाडी गेली खरी, पण ती थांबली कोठे आणि कोणासाठी? दारावरून गाडी जाणे निराळे आणि दाराशी ती थांबणे निराळे. वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याच्या आसपासच्या स्थानकांची हकिगत ह्याच प्रश्नाने उलगडते.

हा मनोरा सुमारे 300 मीटर उंच आहे. दूरदर्शनचे मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. मनोऱ्याच्या पश्चिमेस समुद्र, उत्तरेच्या टोकाला वरळीचा किल्ला आणि कोळीवाडा. पूर्वेस दोन लोहमार्ग आहेत. पश्चिम रेल्वेची महालक्ष्मी, लोअर परळ व प्रभादेवी ही स्थानके. त्यांच्या पलीकडे मध्य रेल्वेची चिंचपोकळी, करी रोड व परळ. ह्या सहांपैकी वरळीच्या नावाचे एकही नाही.

असे का झाले? 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पण कंपन्यांचा डोळा होता कापसावर. देशावरचा आणि गुजराथेतला कापूस बंदराला आणायचा होता. 1864 साली गुजराथेकडून येणारा मार्ग ग्रांट रोडपर्यंत आला. 12 एप्रिल 1867 पासून विरार ते बॅकबे अशी रोज एक लोकल सुरू झाली. ती दादरला थांबे, आणि त्यानंतर एकदम ग्रांट रोडला! मधल्या वस्तीला गाडीचा उपयोग तो काय?

मधल्या स्थानकांना महत्त्व आले ते गिरण्यांमुळे. 1854 साली कावसजी दावर ह्यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा पाया घातला. पुढे परळ, लालबाग, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरला. 1920 नंतरच्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. एकूण 207 चाळींपैकी 121 एकट्या वरळीत. 5 जानेवारी 1928 रोजी पश्चिमेच्या मार्गावर विजेची लोकल धावू लागली, आणि त्याच वर्षी गिरणी कामगारांनी सहा महिने संप लढविला. ज्या हातांनी गिरण्या चालविल्या, त्यांच्याच पायांनी ही स्थानके गजबजली.

कोळीवाडा मात्र बाजूलाच राहिला. तेथून स्थानक गाठायचे म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन अर्ध्यापाऊण तासाची चाल. तरीही मुंबईच्या कोळिणींनी लोकलच्या मालडब्यात आपला हक्क कमावला. तो कोणी दान दिलेला नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मोडल्या. त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या आल्या, हजारो नवे नोकरदार आले. पण जिने आणि पूल जुन्याच मापाचे राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. नवा पूल लष्कराने बांधला आणि तो पुढच्या फेब्रुवारीत खुला झाला. म्हणजे पूल पाच महिन्यांत होत होता. आधी माणसे मरावी लागली. त्याच 2018 सालच्या जुलैत एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. एका गव्हर्नराचे नाव जाऊन देवीचे आले, ह्याचा आनंद आहेच. परंतु नावाच्या पाटीने जिना रुंद होत नाही.

मे 2025 मध्ये भुयारी मेट्रो वरळीला आली. आता वरळीच्या नावाचे स्थानक झाले, आणि पुढचे स्थानक आचार्य अत्रे चौक. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. हे चांगलेच झाले. पण ह्या गाडीला मालाचा डबा नाही. पहिल्या गाडीनंतर 172 वर्षांनी वरळीला स्थानक मिळाले, तरी मासळीची पाटी घेतलेली बाई अजून वरच रस्त्यावर बसची वाट पाहते.

श्रोतेहो, पुढच्या मार्गाचा नकाशा लोकांपुढे येईल तेव्हा त्यावरील रेघ किती लांब आहे हे जरूर पाहा. पण त्याबरोबर हेही विचारा, की जिना किती रुंद आहे, भाडे किती आहे, आणि पाटीला जागा कोठे आहे. हे प्रश्न स्थानक बांधून झाल्यावर विचारून भागत नाही. ते नकाशा कागदावर असतानाच विचारावे लागतात.