उच्च कंप्रता रेडिओ जाळ्यांतील चॅनल-निवड

उच्च कंप्रता रेडिओ जाळ्यांतील चॅनल-निवड : ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे (दर सेकंदास ३० लक्ष ते ३ कोटी कंपने असलेले) रेडिओ तरंग आयनांबरामुळे (वातावरणाच्या विद्युत् भारित उच्च थरांमुळे) पृथ्वीकडे परत वळतात व हजारो किमी. दूर पोहोचतात. आयनांबराची स्थिती दिवस-रात्र, ऋतू व सुमारे ११ वर्षांचे सौर डागांचे चक्र यांनुसार बदलते. कंप्रता फार जास्त असल्यास तरंग आयनांबर भेदून अवकाशात जातात. फार कमी असल्यास दिवसा खालच्या थरात त्यांचे शोषण होते. म्हणून नेमून दिलेल्या चॅनलांपैकी (कंप्रतापट्ट्यांपैकी) त्या वेळी उपयोगी पडणारे चॅनल निवडावे लागते.

आयनांबराचे अस्तित्व ॲपल्टन व बार्नेट यांनी १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगाने सिद्ध केले. १९२७ मध्ये खडकी येथील प्रेषक व दौंड येथील ग्राही केंद्रांद्वारे भारत-ब्रिटन लघुतरंग तारसेवा सुरू झाली. त्या काळातील अशा सेवांत दिवसासाठी व रात्रीसाठी वेगवेगळ्या तरंगलांबी वापरीत; बदल केव्हा करावयाचा हे चालकाच्या अनुभवावर अवलंबून असे.

दुसऱ्या महायुद्धात आयनांबराच्या मापनांवरून मासिक पूर्वानुमाने तयार होऊ लागली. दिलेल्या अंतरासाठी उपयोगी पडणाऱ्या सर्वांत उच्च कंप्रतेच्या सुमारे ८५ टक्के कंप्रता वापरावी, असा नियम रूढ झाला. ही पद्धत स्वस्त असून तीत प्रेषणाचा वेळ खर्च होत नाही. तथापि पूर्वानुमान महिन्याच्या मध्यमानाचे असते. एखाद्या दिवशीचे चुंबकीय वादळ किंवा त्याच चॅनलवर आलेला परका प्रेषक त्यावरून कळत नाही.

ही उणीव प्रत्यक्ष चाचणीने भरून काढण्यात आली. १९८८ च्या अमेरिकन लष्करी मानकातील स्वयंचलित पद्धतीत ग्राही सर्व चॅनल क्रमाने ऐकत राहतो, इतर केंद्रांच्या चाचणी-संकेतांचा दर्जा नोंदवितो व त्यावरून चॅनल ठरवितो. मात्र ग्राही कोणत्या क्षणी कोठे ऐकत आहे हे प्रेषकास ठाऊक नसते. दहा चॅनल दर सेकंदास दोन याप्रमाणे तपासले जात असतील, तर एका फेरीस पाच सेकंद लागतात व हाक निदान तेवढा वेळ द्यावी लागते. केंद्रे वाढली की हाका व चाचणी-संकेत यांनीच चॅनल व्यापले जातात. १९९९ च्या सुधारित मानकात सर्व केंद्रांची घड्याळे जुळवून एकाच क्रमाने चॅनल बदलण्याची सोय झाली. त्यामुळे हाक अल्पकालिक झाली व मोठ्या जाळ्यांची क्षमता वाढली. परंतु ज्याचे घड्याळ चुकले, ते केंद्र पुन्हा मेळ बसेपर्यंत जाळ्याबाहेर पडते.

अशा रीतीने चॅनलची अचूक माहिती मिळविण्यासाठी प्रेषणाचा वेळ किंवा काटेकोर कालमापन यांपैकी काहीतरी खर्चावे लागते. मोजक्या केंद्रांच्या स्थिर सेवेस पूर्वानुमान बहुधा पुरते. फिरत्या व मोठ्या जाळ्यांना स्वयंचलित निवड आवश्यक ठरते. उपग्रह व तारमार्ग निकामी झाल्यास दूरच्या संपर्कासाठी उच्च कंप्रता रेडिओचाच आधार उरतो. म्हणून अनुभवी चालकाचे महत्त्व स्वयंचलित पद्धतींनंतरही संपलेले नाही.