बिळांतला कोळी आणि त्याचें हरवलेलें नांव

औशाच्या भुईकोट किल्ल्याजवळ वा एखाद्या शेताच्या बांधावर मातींत गोल बीळ दिसलें, तर पाहणाऱ्यास प्रथम विंचवाची किंवा सापाची शंका येते. अशा बिळांत दांडगा, केसाळ कोळीहि वर्षानुवर्षें घर करून राहूं शकतो, हें क्वचितच कोणास सुचतें. इंग्रजींत या कोळ्यांस टॅरँट्यूला म्हणतात. तें नांव इटलींतील टारांटो शहरावरून पडलें. परंतु ज्या कोळ्यास तें मुळांत मिळालें, तो निराळ्याच कुळांतला! नांवांचा घोटाळा या प्राण्यांच्या नशिबींच असावा.

ब्रिटिश म्यूझियममधील रेजिनाल्ड पोकॉक यांनीं १८९९ सालीं प्लेसिओफ्रिक्टस व १९०० सालीं हेटरोफ्रिक्टस या दोन प्रजाति स्थापन केल्या. पुढें दुसरी पहिलींत विलीन करण्यांत आली. १९३५ सालीं ग्रेव्हली यांनीं एका जातीस मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांचें नांव दिलें, पण तिला बसविलें पहिल्याच प्रजातींत. फादर आदल्याच वर्षीं निवर्तले होते. अखेर २०११ सालीं ग्वादानूची यांनीं हेटरोफ्रिक्टसला तिचें स्वतंत्र स्थान परत दिलें, आणि ब्लॅटरांची जाति आज तिच्यांतच गणली जाते.

हें वेगळेपण रंगांत शोधूं जाणें व्यर्थ. तोंडाजवळील स्पर्शपादाच्या व पहिल्या पायाच्या बुडाशीं, समोरासमोरच्या बाजूंवर, ताठ राठ केस असतात. ते एकमेकांवर घासले कीं ध्वनि निघतो. कोळ्यास असें वाद्य असतें, याचें श्रोत्यांस नवल वाटेल. याच खुणेवरून या प्रजातीचें नातें आफ्रिका व मादागास्कर येथील कोळ्यांशीं जोडण्यांत आलें. जाति ओळखण्यास मात्र नरमादींचीं जननेंद्रियें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावीं लागतात.

२०१४ सालीं झीशान मिर्झा व राजेश सानप यांनीं मुंबईच्या आरे दुग्धवसाहतींतून एक नवी जाति उजेडांत आणली व तिला आरेचेंच नांव दिलें. १९४९ सालीं वसलेल्या त्या वसाहतींत, लाखोंच्या रहदारीलगत, ती अनाम राहिली होती. या कोळ्यांत नर वयांत आला कीं मादीच्या शोधार्थ भटकतो. मादी मात्र बीळ सोडीत नाहीं. जमीन खणली गेली, तर तिला पळण्यास वाव नाहीं.

ऑक्टोबर २०१९ मध्यें मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील दोन हजारांहून अधिक झाडें तोडण्यांत आलीं. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली, तोंवर बहुतेक काम उरकलें होतें. ऑक्टोबर २०२४ पासून त्या मार्गाच्या गाड्या आरेपर्यंत धावूं लागल्या.