रेगेन्सबुर्ग येथील धर्मचर्चा (इ. स. १५४१)

कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट या पंथांचा वाद आपल्याकडे बहुधा एका सूत्रांत सांगण्यांत येतो : कॅथॉलिक सत्कर्मानें तारण मानतात, प्रॉटेस्टंट केवळ विश्वासानें. हें सूत्र क्रमिक पुस्तकास पुरेल. इतिहासास पुरत नाहीं. ईश्वरी अनुग्रहावांचून तारण नाहीं, हें उभय पक्षांस मान्यच होतें. इतकेंच नव्हे, तर अनुग्रहाच्या प्रश्नावर दोन्हीकडील पंडितांनीं एकदां एकाच लेखास संमति दिली होती. तो प्रसंग इ. स. १५४१ चा, स्थळ जर्मनींतील डॅन्यूबकांठचें रेगेन्सबुर्ग. भेदाचें खरें बीज कोठें होतें, तें या प्रसंगाइतकें स्पष्ट दुसर्‍या कशानें दिसत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

लूथरनें आपलीं पंचाण्णव प्रमेयें १५१७ सालीं मांडलीं, त्यास आतां चोवीस वर्षें होत आलीं होतीं. बादशहा पांचवा चार्ल्स यास तुर्कांविरुद्ध प्रॉटेस्टंट राजांचें साह्य हवें होतें, म्हणून त्यानें राजसभेबरोबरच ही धर्मचर्चाहि भरविली. कॅथॉलिकांकडून एक, फ्लूग व ग्रोपर. प्रॉटेस्टंटांकडून मेलांख्थोन, बुत्सर व पिस्टोरियस असे सहा वादी नेमले. चर्चेस आधार म्हणून तेवीस कलमांचा एक मसुदा पुढें ठेवला होता. तो मागील हिंवाळ्यांत वोर्म्स येथें ग्रोपर व बुत्सर यांनीं गुप्तपणें बसून सिद्ध केला होता.

पोपचा प्रतिनिधि म्हणून कार्डिनल गास्पारो कोन्तारीनी आला होता. या पुरुषाविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. तो व्हेनिसचा सरदार. १५३५ सालीं कार्डिनलची वस्त्रें मिळालीं तेव्हां तो साधा गृहस्थ होता, धर्मोपदेशक नव्हता. १५११ च्या ईस्टरच्या सुमारास पापनिवेदन करीत असतां त्याच्या मनानें असें घेतलें कीं, आपण कितीहि तपश्चर्या केली तरी पापाचें ऋण फिटणें नाहीं. ख्रिस्तानें सोसलेल्या दुःखावर भार टाकणें एवढाच मार्ग आहे. संन्यस्त झालेल्या एका मित्रास त्यानें हें पत्रांतून कळविलें. तीं पत्रें विसाव्या शतकांत उजेडांत आलीं. १५११ मध्यें लूथरचें नांव त्याच्या मठाबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. लूथरचा म्हणून समजला जाणारा अनुभव असा रोमशीं एकनिष्ठ राहिलेल्या माणसासहि आला होता, हें ध्यानांत ठेवावें.

२७ एप्रिल रोजीं चर्चेस आरंभ झाला. मनुष्यस्वभाव, इच्छास्वातंत्र्य, पापाचें कारण व आदिपाप हीं पहिलीं चार कलमें झपाट्यानें मंजूर झालीं. आणि २ मे रोजीं, पुष्कळ खोडाखोडीनंतर, पांचव्या कलमावरहि एकमत झालें. हें पांचवें कलम म्हणजेच मनुष्य देवापुढें नीतिमान कसा ठरतो हा प्रश्न. जिवंत व कार्यक्षम विश्वासानें ठरतो. विश्वासाबरोबर त्याच्या ठायीं नीतिमत्त्व उत्पन्नहि होतें. तथापि जीवानें भरंवसा ठेवावयाचा तो या अंतःस्थ नीतिमत्त्वावर नव्हे, तर ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर, असा त्याचा आशय होता. एक यानें नाखुषीनें कां होईना, पण मान्यता दिली. स्ट्रासबुर्गकडून आलेला तरुण कॅल्व्हिन तेथें हजर होता. प्रतिपक्षानें इतकें कबूल केल्याबद्दल त्यानें आपला मित्र फारेल यास लिहिलेल्या पत्रांत आश्चर्य व्यक्त केलें आहे.

या कलमाचें सारें रहस्य एका क्रियापदांत आहे. पौलाच्या पत्रांतील ग्रीक शब्द 'दिकाइओऊन' हा न्यायसभेंतील शब्द आहे. त्याचा अर्थ नीतिमान म्हणून निर्णय देणें. त्याचें लॅटिन भाषांतर 'युस्तिफिकारे' असें झालें, आणि त्याचे अवयव सोडविले तर अर्थ होतो नीतिमान करणें. संस्कृतज्ञांस हा भेद चटकन कळेल. लॅटिन शब्द आपल्या च्वि-प्रत्ययान्त 'शुद्धीकरोति' सारखा : जें पूर्वीं शुद्ध नव्हतें तें शुद्ध होतें, म्हणजे अभूततद्भाव. ग्रीक शब्दांत पदार्थाच्या स्थित्यंतराची अपेक्षा नाहीं. निवाडा झाला कीं पुरे. ऑगस्टीनचें ग्रीक बेताचें असल्यानें त्यानें मुख्यतः लॅटिन अर्थ धरला, व पुढील हजार वर्षें पश्चिमेनें ऑगस्टीनचा हात धरला. प्रचलित मराठी बायबलांत 'नीतिमान ठरणें' असा प्रयोग आहे. 'ठरणें' या एका क्रियापदानें भाषांतरकारांनीं ग्रीक बाजू पत्करली, हें मराठी वाचकाच्या लक्षांत सहसा येत नाहीं. रेगेन्सबुर्गच्या पंडितांनीं मात्र दोन्ही अर्थ 'आणि' घालून शेजारीं बसविले. हें ऐक्य खोटें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण 'आणि' या अव्ययावर त्यांनीं फार मोठें ओझें टाकलें.

श्रीवैष्णवांतील मर्कटकिशोर व मार्जारकिशोर हे न्याय येथें कोणासहि आठवतील. माकडाचें पिलूं आईस घट्ट धरून राहतें. मांजराचें पिलूं आई तोंडांत धरून नेते. लूथर मार्जारन्यायाजवळचा, यांत शंका नाहीं. परंतु कॅथॉलिक पक्षास सरसकट मर्कटन्याय लावणें बरोबर होणार नाहीं. त्यांच्या मतें पिलाच्या हातांतील पकडण्याचें बळहि आधीं आईनेंच दिलेलें असतें. हात सोडून देण्याची मोकळीक तेवढी पिलास आहे.

पुढें फिसकटलें तें कोठें ? नवव्या कलमांत शास्त्रार्थ लावण्याचा चर्चचा अधिकार आला. धर्मसभांचीहि चूक होऊं शकते, असें मेलांख्थोननें बजाविलें, आणि तें कलम बाजूस ठेवावें लागलें. चौदाव्या कलमाशीं, म्हणजे प्रभुभोजनाशीं, गाडें पक्केंच अडलें. भाकरीचें द्रव्य पालटून ख्रिस्ताचें शरीर होतें, या अर्थाचा पारिभाषिक शब्द लेखांत असावा कीं नसावा ? अनुग्रहाच्या कलमांत इतका लवचिक असलेला कोन्तारीनी येथें खडकासारखा उभा राहिला. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेनें तो शब्द ठरविला आहे. चर्चनें एकदां ठरविलेलें आपण कोण गाळणार, हें त्याचें म्हणणें. म्हणजे वरवर द्रव्याचा दिसणारा हा वादहि मूळांत अधिकाराचाच होता. मेअखेरीच्या आंत चर्चा संपली. बव्हेरियाच्या सरदारांस व फ्रान्सच्या राजास बादशहाचें बळ वाढलेलें नको होतें, हें खरें. पण पंडितांचें जमलें असतें तर राजकारण्यांस इतकें सहज मोडतां आलें नसतें.

शिवाय मान्य झालेलें पांचवें कलमहि कोणीं उचलून धरलें नाहीं. लूथरनें त्यास ठिगळांची गोधडी ठरविलें. रोममध्यें कार्डिनलांच्या सभेनें त्याची संदिग्धता पाहून मंजुरी दिली नाहीं. कोन्तारीनी दुसर्‍याच वर्षीं, १५४२ मध्यें, बोलोन्या येथें वारला.

१५४५ च्या डिसेंबरांत ट्रेंट येथें धर्मपरिषद भरली. तिचा अनुक्रम पाहण्यासारखा आहे. ८ एप्रिल १५४६ रोजीं प्रथम ठरलें तें शास्त्र व परंपरा यांचें प्रामाण्य, आणि शास्त्राच्या खर्‍या अर्थाचा निर्णय करणें चर्चकडे आहे हें. तारणाविषयींचा ठराव त्यानंतर, १३ जानेवारी १५४७ रोजीं आला. आधीं न्यायासन मांडलें, मग खटला चालविला. ऑगस्टिनियन संघाचा प्रमुख सेरिपांदो यानें दुहेरी नीतिमत्त्वाची कोन्तारीनीची बाजू पुष्कळ लढविली, पण ती टिकली नाहीं. सोळा प्रकरणें व तेहेतीस निषेध असा तो ठराव आहे. त्यांतील पहिला निषेध अनुग्रहावांचून स्वकर्मानें नीतिमान होतां येतें असें म्हणणारावर आहे. आरंभीं दिलेलें सूत्र घोकणारांनीं तो एकदां अवश्य वाचावा.

या इतिहासाचा एक धागा आपल्या प्रांताशीं येऊन मिळतो. इग्नेशियस लोयोला व त्याच्या सोबत्यांनीं योजिलेल्या जेझुइट संघाचा पहिला मसुदा १५३९ सालीं पोपपुढें ठेवणारा हाच कोन्तारीनी होता. त्या सोबत्यांपैकीं पिएर फाव्र हा १५४१ मध्यें रेगेन्सबुर्ग येथें हजर होता. दुसरा, फ्रान्सिस झेव्हियर, त्याच वर्षीं ७ एप्रिलला लिस्बनहून निघून ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोंचला. गोवें-वसईकडे आलेला ख्रिस्ती धर्म असा फूट पुरती पडण्यापूर्वीं निघालेल्या माणसांनीं वाढविला. उलट, १८१३ सालीं मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी अडीच शतकांचें वैर वारशानें घेऊन आले. एकाच मराठी मुलखांत दोन ख्रिस्ती समाज परस्परांस परके राहिले, त्याचें एक कारण येथें आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं औग्सबुर्ग येथें लूथरन जागतिक संघ व रोम यांनीं एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यांत मांडलेल्या स्वरूपांत तारणाच्या तत्त्वाविषयीं एकमत असून, सोळाव्या शतकांतील परस्पर-निषेध त्यास लागू नाहींत, असें त्यांत म्हटलें आहे. शंभरांहून अधिक जर्मन प्रॉटेस्टंट पंडितांनीं पूर्वींच त्यास विरोध नोंदविला होता. पुढें २००६ मध्यें मेथॉडिस्टांनीं व २०१७ मध्यें रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक मंडळानें त्यास संमति दिली. पांचवें कलम असें साडेचारशें वर्षांनीं पुन्हा वर आलें. प्रभुभोजनाच्या पंक्तीस मात्र उभयतांस एकत्र बसतां येत नाहीं. कारण तें भोजन वाढणाराचा हात कोणाच्या अधिकारानें अभिषिक्त झाला, हा प्रश्न अद्यापि तसाच आहे.