रंगविलेला पडदा आणि पडणारा प्रकाश : बाबूराव पेंटर यांच्या कलाप्रवासाचा विचार

आटपाडी हा माणदेशातील अवर्षणाचा मुलूख पूर्वी औंध संस्थानात मोडत असे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, आणि औंधचे चित्रसंग्रहालय ही त्यांच्या रसिकतेची साक्ष आजही देत आहे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३९ मध्ये, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेल्या माणसांनी भिंतीवाचून राहावे आणि जमीन कसून जगावे, असा तो प्रयोग होता. आटपाडी परिसरातील शेटफळे येथे जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा रचली, आणि व्ही. शांताराम यांनी तीवर १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

या चित्रपटाची कथा आटपाडीच्या मातीतून निघाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यातील छायाप्रकाशाची भाषा कोठून आली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सहा कैद्यांना बांधून ठेवणारी वस्तू या चित्रपटात बेडी नसून एका माणसाची नजर आहे. आणि ती नजर दाखविण्यास दिग्दर्शकाजवळ काळ्यापांढऱ्या प्रकाशाखेरीज दुसरे साधन नव्हते. हे साधन शांताराम प्रथम शिकले ते कोल्हापुरात, महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करीत असताना. त्या कंपनीचे संस्थापक बाबूराव पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार होते. चित्राकडून प्रकाशाकडे गेलेल्या महाराष्ट्रीय कलावंतांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे एका कारागीर कुटुंबात झाला. नात्याने बंधू लागणारे आनंदराव यांच्यासह त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यास आरंभ केला, आणि 'पेंटर' हे व्यवसायाचे नाव दोघांनाही आडनावासारखे चिकटले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा या दोघा चित्रकारांचे मन चलच्चित्राकडे ओढले गेले. त्यांनी मुंबईच्या बाजारातून जुने प्रक्षेपणयंत्र मिळविले, त्याची रचना अभ्यासिली, आणि स्वतःचा कॅमेरा घडविण्याचा उद्योग मांडला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली निवर्तले. पुढे विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी तो कॅमेरा १९१८ च्या सुमारास सिद्धीस नेला. तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या द्रव्यबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात झळकला.

बाबूरावांची थोरवी सांगताना या स्वदेशी कॅमेऱ्याचा उल्लेख प्रथम केला जातो, आणि तो योग्यही आहे. तथापि कलेच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता कॅमेरा घडविणे ही त्यांच्या स्थित्यंतरातील निर्णायक घटना नव्हे. निर्णायक घटना ही, की पडदे रंगविण्यात आयुष्याची पहिली उमेद खर्ची घातलेल्या या कलावंताने स्वतःच्या चित्रसृष्टीतून रंगविलेला पडदाच दूर केला.

या त्यागाचा अर्थ कळण्यास पडद्याचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. नाटकाच्या पडद्यावरील राजवाड्यात खांबांच्या सावल्या एकदा रंगविल्या की त्या कायमच्या. चित्रकाराने प्रकाश डावीकडून येतो असे कल्पिले असेल, तर समोरचा दिवा उजवीकडे असला तरी सावली आपली जागा सोडीत नाही. पडद्यावरचा प्रकाश हा प्रकाश नव्हे. ते प्रकाशाचे वर्णन होय. रंगभूमीवर प्रेक्षक हा संकेत सहज स्वीकारतो. कॅमेऱ्याच्या भिंगास मात्र असला संकेत ठाऊक नसतो. नटाच्या अंगावर पडलेले खरे ऊन आणि त्याच्या मागील रंगविलेले ऊन यांचा विसंवाद ते निर्दयपणे उघडा करते.

आरंभीच्या चित्रपटांत रंगविलेले पडदे सर्रास वापरले जात. बाबूरावांनी त्यांच्या जागी भरीव, त्रिमितीय नेपथ्य आणले. ज्यात माणसास वावरता येईल, ज्याच्या कोनाड्यांत खरी सावली साठेल, असे दालन त्यांनी उभे केले. सावली रंगविण्याचे काम संपले. ती पडेल अशी जागा रचण्याचे काम सुरू झाले. आजच्या कलाविचारात ज्यास 'मांडणशिल्प' म्हणतात, त्याचे मूळ तत्त्व, म्हणजे अवकाश आणि प्रकाश यांनाच कलेचे द्रव्य मानणे, या कृतीत बीजरूपाने आढळते. मात्र बाबूरावांचे दालन कथेसाठी होते, स्वतःसाठी नव्हते. हा भेदही विसरून चालणार नाही.

रंगांबाबतही त्यांस नवी शिस्त अंगी बाणवावी लागली असली पाहिजे. त्या काळची फिल्म निळ्या रंगास फार संवेदनशील आणि तांबड्या रंगास जवळजवळ अंध असे. डोळ्यास झळाळणारा तांबडा शालू तीवर काळा उमटे, आणि निळे आकाश पांढरे पडे. म्हणजे चित्रकारास आपली रंगपेटी मनातल्या मनात करड्या छटांत उतरवून घेणे भाग होते. बाबूराव दृश्यांची रेखाटने आधी करून ठेवीत, यावरून चित्रकाराचा हात या नव्या उद्योगातही निवृत्त झाला नव्हता, हे स्पष्ट होते.

पुढील पाऊल १९२३ च्या 'सिंहगड' चित्रपटात पडले. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजीची चढाई रात्रीची. दिवसा चित्रण करून फिल्मला निळी झाक द्यावी, हा त्या वेळचा रूढ उपाय होता. बाबूरावांनी या चित्रपटात कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला, आणि भारतीय चित्रपटातील तसला तो आद्य प्रयत्न मानला जातो. सूर्याचा प्रकाश मिळेल तसा घ्यावा लागतो. दिव्याचा प्रकाश कोठे पडावा आणि कोठे पडू नये, हे कलावंत ठरवितो. अंधार हा येथे उणीव न राहता निवडीचा विषय झाला. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील १९२५ च्या 'सावकारी पाश' मध्ये या निवडीस सामाजिक आशय लाभला. मंद प्रकाशातील झोपडी आणि विव्हळणारा कुत्रा हे त्यातील दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले होते. जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची भूमिका त्यात शांताराम यांनीच केली होती.

याच दशकात युरोपात लास्लो मोहोली-नागी हा हंगेरियन चित्रकार प्रकाशास कलेचे स्वतंत्र द्रव्य मानू लागला होता. १९३० मध्ये त्याने धातूचे फिरते प्रकाशयंत्र प्रदर्शनात मांडले. दोघांचा परस्परांशी संबंध नव्हता. मोहोली-नागी सिद्धांताच्या वाटेने गेला, बाबूराव व्यवसायाच्या गरजेतून. मुंबईच्या नलिनी मलानी यांनीही पुढे चित्रफलकाची चौकट ओलांडली. २०१२ मध्ये कासेल येथील प्रदर्शनात त्यांनी पारदर्शक, फिरत्या नळकांड्यांवर चित्रे रंगवून त्यांच्या सावल्या भिंतींवर खेळविल्या. येथेही चित्र टाकून दिलेले नाही. त्यातून प्रकाश जाऊ दिला आहे.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे सहकारी बाहेर पडले व प्रभात कंपनी निघाली. उत्तरायुष्यात बाबूराव पुन्हा चित्र आणि मूर्तिकाम यांकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. रंगविलेले पडदे नाटक मंडळ्यांबरोबर झिजून गेले, आणि प्रकाशाने लिहिलेले चित्रपट नाशवंत फिल्मबरोबर नष्ट झाले. चित्रकार कुंचला सोडून प्रकाशाकडे वळतो, तेव्हा तो आपल्या कृतीच्या टिकाऊपणावरही पाणी सोडतो. बाबूरावांच्या चरित्रातील खरी हानी ही आहे. कलेच्या इतिहासकारास अशा वेळी पुरावा कृतीत न शोधता परंपरेत शोधावा लागतो. गुरूने लावलेला दिवा पाहावयास उरला नसेल, तर शिष्याच्या हातातील दिव्याकडे पाहावे. ज्याने कोल्हापुरात सावकाराने नागविलेला शेतकरी होऊन त्या मंद प्रकाशात अंग वागविले, त्यानेच बत्तीस वर्षांनी आटपाडीच्या कैद्यांची कथा दोन डोळ्यांच्या प्रकाशात सांगितली. त्या चित्रपटास स्वतंत्रपूरइतकाच कोल्हापूरच्या एका पडदे रंगविणाऱ्याचाही आधार आहे, असे म्हणावयास हरकत नाही.