शिंगाच्या चकतीवरचे वादळ

फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसहून निघालेले 'चार्ल्स हेडल' हे शिडाचे जहाज वादळात सापडले. वाऱ्याला पाठ देऊन पळत सुटावे, एवढेच त्याला शक्य होते. वारा फिरत गेला, तसे जहाजही फिरत गेले. पाच दिवस ते धावले आणि वादळाच्या केंद्राभोवती पाच प्रदक्षिणा घालून बाहेर पडले तेव्हा मॉरिशसपासून फारसे लांब गेलेच नव्हते!

या जहाजाची नोंदवही कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टनने अभ्यासली. हा गृहस्थ पूर्वी व्यापारी जहाजावरचा कप्तान. पुढे सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला. निरनिराळ्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायच्या, एकाच वेळी कोठे कोणता वारा होता ते नकाशावर मांडायचे, त्यावरून त्या दिवसाचे केंद्र काढायचे आणि रोजची केंद्रे जोडून वादळाची वाट रेखायची, अशी त्याची रीत होती. वाट सापडे, पण वादळ विरून कित्येक दिवस लोटल्यावर. जे बुडाले त्यांच्या नोंदी अर्थातच त्यांच्याबरोबर गेलेल्या असत.

भर समुद्रातल्या कप्तानाला त्याच घटकेला उपयोग व्हावा, म्हणून त्याने शिंगाच्या पारदर्शक चकत्या दिल्या. त्यांवर वर्तुळाकार वाऱ्याचे बाण कोरलेले. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वादळे उलटसुलट फिरतात, म्हणून चकत्याही दोन. आपल्या वाऱ्याशी जुळणारा बाण नकाशावर जहाजाच्या जागी ठेवला, की चकतीचा मध्य म्हणजे वादळाचे केंद्र. हे उत्तर ढोबळच येई, कारण वारा नेमका वर्तुळात न फिरता आत वळत जातो. पिडिंग्टनला याची जाणीव असावी. १८४८ च्या 'सेलर्स हॉर्न-बुक'मध्ये त्याने 'सायक्लोन' हा शब्द सुचवला तो सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून. त्यात फिरणे आहे, पण अचूक वर्तुळाचा दावा नाही.

१८५३ मध्ये कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवे बंदर वसवण्याचे घाटत होते. पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहिले : सुंदरबनाच्या तोंडाशी असलेली ही जागा चक्रीवादळाबरोबर येणारी समुद्राची लाट एक दिवस धुऊन नेईल. सरकारने ऐकले नाही. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. पोर्ट कॅनिंग उभे राहिले आणि नोव्हेंबर १८६७ मध्ये वादळाच्या लाटेने त्याची वाताहत केली. थोड्याच वर्षांत ते बंदर सोडून द्यावे लागले. आज कॅनिंग हे सियालदाहून सुंदरबनाकडे जाणाऱ्या लोकलचे शेवटचे स्टेशन आहे.